नोंदवही आणि शिधा: औषधांपूर्वीच्या क्षयनियंत्रणाचा हिशेब

३.२ टक्के. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८४८ पासून १९७१ पर्यंत क्षयाचे मृत्यू जेवढे घटले, त्या घटीत स्ट्रेप्टोमायसिनचा वाटा एवढाच, असा हिशेब बर्मिंगहॅमचे प्राध्यापक थॉमस मॅककिओन यांनी १९७० च्या दशकात मांडला. त्यावरून पेटलेला वाद अजून पुरता विझलेला नाही. आकडा चुकीचा नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये, रुग्णांच्या हाती पडले त्यानंतर चार-पाच वर्षांनी, आणि तोवर रोगाचा उतार पाऊण शतकाहून जुना झाला होता. भांडण होते ते उरलेल्या श्रेयाच्या वाटणीचे. मॅककिओन यांनी ते जवळजवळ सगळे भाकरीच्या पदरात टाकले. लोक पोटभर जेवू लागले, अंगात जोर आला, जंतू हरला. पाण्यातून पसरणाऱ्या रोगांपुरते गटारे आणि नळ बांधणाऱ्या नगरपालिकांना त्यांनी थोडे श्रेय दिले, पण हवेतून पसरणाऱ्या क्षयाच्या बाबतीत त्यांना हात हलवतच पाठवले. या मांडणीत माणसांचा एक मोठा जथा हिशेबाबाहेर राहिला. शहराच्या आरोग्य खात्यातले डॉक्टर, चाळीचाळींतून जिने चढणाऱ्या नर्स, दुधाचे डबे तपासणारे निरीक्षक, थुंकीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरणारे प्रयोगशाळेतले लोक. हातात औषध नसताना साधारण १८८७ ते १९४५ या काळात त्यांनी जे केले त्याला फळ आले का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यांच्या सगळ्या उद्योगांना एकाच तागडीत घातले तर उत्तर हाती लागत नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यातले काही उपाय निव्वळ देखावा होते, काही महागडे आणि तोकडे, आणि काही खरोखर कामाचे. ते वेगळे काढण्याची एक सोपी कसोटी आहे: आजारी माणसाचे नाव वहीत लिहून घेतल्यावर बदल्यात त्याच्या घराला काय मिळाले?

आधी विरुद्ध बाजूचे जे देणे आहे ते चुकते करावे. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला तो २४ मार्च १८८२ रोजी. इंग्लंडमधला फुप्फुसाच्या क्षयाचा मृत्युदर १८५० नंतरच्या पन्नास वर्षांत अर्ध्याहून खाली आला, आणि त्यातली बरीच वर्षे हा रोग आनुवंशिक मानला जात होता. बाप खोकत गेला, आता मुलगा जाणार, यात कोणाला नवल वाटत नसे. सांसर्गिकच नसलेल्या रोगाविरुद्ध नगरपालिका मोहीम काढणार कशी? तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या उताराचे श्रेय क्षयविरोधी कामाला देता येत नाही. फार तर इंग्लंडमधले आरोग्य अधिकारी आर्थर न्यूजहोम यांच्यासारखे असे म्हणता येईल की गरीब रुग्ण अखेरच्या महिन्यांत गरीबखान्यांच्या इस्पितळांत जाऊन पडत, त्यामुळे घरातली माणसे नकळत वाचत. साथ आपोआप ओसरते, दुबळे मरून चिवट तेवढे उरतात, असेही मानणारे आहेत. पण मग एकाच काळात शेजारच्या दोन गावांत, दोन वर्गांत इतका फरक का पडावा, याचे उत्तर त्या मताकडे नाही. आपला प्रश्न त्यामुळे आक्रसतो आणि नेमका होतो. उतार आधीच लागलेला होता. कॉखनंतरच्या साठेक वर्षांत त्याला कोणी ढकलले का, एवढेच पाहायचे.

१८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतलेल्या या एकवीस वर्षांच्या बाईला वाचवायला ना तिथल्या डॉक्टरांकडे काही होते, ना इथल्या वैद्यांकडे. त्याच वर्षी एडिंबरोत रॉबर्ट फिलिप या तिशीच्या डॉक्टराने बँक स्ट्रीटवर तीन खोल्या भाड्याने घेऊन फक्त क्षयरुग्णांसाठी दवाखाना उघडला. बरे करण्याचे औषध त्याच्याकडेही नव्हते. मग दवाखाना कशाला? फिलिप यांच्या डोक्यातली गोष्ट साधी होती. रुग्ण दारात आला म्हणजे एक माणूस आला नाही, एका घराचा पत्ता आला. त्या पत्त्यावर नर्स जाई. खोल्या किती, खिडक्या किती आणि त्यांतल्या उघडतात किती, एका अंथरुणात कितीजण निजतात, बेडका कुठे टाकतात, घरात आणखी कोण खोकते, खायला काय मिळते, हे सगळे टिपून आणी. मग घरातल्या सगळ्यांना ओळीने दवाखान्यात बोलावून त्यांच्या छात्या तपासल्या जात. या हजेरीला फिलिप ‘मार्च पास्ट’ म्हणत. पुढे दवाखान्याला जोडून १८९४ मध्ये क्रेगलीथला रुग्णालय झाले, १९१० मध्ये पोल्टनला शेतीची वसाहत झाली, आणि १९०७ पासून शहरात रुग्णाची नोंद सक्तीची झाली. हे सगळे एका दोरीत ओवलेले होते. कोणाला घरी ठेवायचे, कोणाला रुग्णालयात घालायचे, कोणाला शेतावर पाठवायचे हे त्या तीन खोल्यांतून ठरे. आज आपण ज्याला संपर्कातल्या व्यक्तींचा शोध म्हणतो, तो सूक्ष्मदर्शक, कागद आणि पायपीट एवढ्या भांडवलावर तिथे सुरू झाला.

न्यूयॉर्कने हेच काम सरकारी जरबेने केले. हर्मन बिग्ज यांनी दोन सहकाऱ्यांसह १८८९ मध्ये शहराच्या आरोग्य मंडळाला अहवाल दिला की क्षय संसर्गाने होतो आणि टाळता येतो. १८९४ पासून संस्थांना रुग्ण कळवणे बंधनकारक झाले, खासगी डॉक्टरांना विनंती करण्यात आली, आणि कोणाही डॉक्टरने थुंकीचा नमुना पाठवला तर शहराची प्रयोगशाळा फुकट तपासून देऊ लागली. विनंतीला फारसा मान मिळाला नाही म्हणून १८९७ मध्ये सक्ती आली. आरोग्य खात्याच्या नकाशांवर एकेका इमारतीसमोर रुग्णांचे ठिपके पडू लागले. खालच्या ईस्ट साइडला चेरी, कॅथरीन, हॅमिल्टन आणि मार्केट या चार रस्त्यांत कोंडलेल्या एका तुकड्यावर ठिपके इतके दाट होते की त्याचे नावच ‘लंग ब्लॉक’ पडले. सुमारे चार हजार माणसे त्या एका तुकड्यात राहत. आतल्या खोल्यांना बाहेर उघडणारी खिडकी नाही, जिन्यात दिवसाही अंधार, आणि एक भाडेकरू मेला की भिंतीही न धुता दुसऱ्याला खोली. अर्नेस्ट पूल या तरुण लेखकाने १९०३ मध्ये त्यावर लिहिले तेव्हा शहर हळहळले. ती घरे मात्र जमीनदोस्त व्हायला आणखी तीस वर्षे गेली. ठिपके मारणे सोपे असते, ठिपक्याखालची इमारत घरमालकाची असते.

नोंदणीला झालेला डॉक्टर मंडळींचा विरोध मात्र अधिक गाजला. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अकादमीने आक्षेप घेतला, फिलाडेल्फियात लॉरेन्स फ्लिक यांनी अशीच नोंदणी सुचवली तेव्हा तिथल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८९४ मध्ये ती उडवून लावली. यात धंद्याचा स्वार्थ होताच, कारण फुकट तपासणारे शहर म्हणजे गिऱ्हाईक पळवणारे शहर. पण डॉक्टरांचा दुसरा मुद्दा खरा होता. नाव नोंदले गेले की माणसाची नोकरी जाई, घरमालक खोली सोडायला सांगे, विमा कंपनी पैसे द्यायला नकार देई. दाखल्यावर ‘ब्राँकायटिस’ किंवा ‘न्यूमोनिया’ लिहिणारा डॉक्टर खोटे लिहीत होता आणि मागे राहिलेल्या विधवेच्या हातात विम्याचे चार पैसे पडतील अशी सोयही करत होता. त्यात १९०३ पासून नॉर्थ ब्रदर बेटावरच्या रिव्हरसाइड रुग्णालयात ‘न ऐकणारे’ रुग्ण जबरदस्तीने ठेवले जाऊ लागले. न ऐकणारे कोण? बहुतेक करून बेघर, दारुडे, नुकते बोटीतून उतरलेले. स्वतःच्या घरात स्वतंत्र खोली असलेल्या सभ्य क्षयरुग्णाला बेटावर कोणी नेत नव्हते. या कामावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे की आरोग्याच्या नावाखाली ती गरिबांवरची पोलिसी पाळत होती. आक्षेप खोडता येत नाही, खोडूही नये. पण त्याच्यातूनच माझी कसोटी निघते. नाव दिल्यावर हाती फक्त नुकसान येत असेल तर लोक नाव लपवणार, आणि लपवलेल्या रुग्णांच्या शहरात आरोग्य खात्याची वही म्हणजे रद्दी. याच न्यूयॉर्कमध्ये १९०४ पासून शहराने स्वतःचे क्षय दवाखाने उघडले, नर्स घरी येताना धर्मादाय संस्थांकडून दूध आणि अंडी मिळवून देऊ लागल्या, १९०६ मध्ये ऑटिसव्हिलला शहराचे स्वतःचे आरोग्यधाम झाले. रुग्ण त्यानंतर आपण होऊन दवाखान्यात येऊ लागले, यात बेटाच्या धाकापेक्षा त्या दुधाचा हात अधिक असावा.

थुंकण्याबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कने १८९६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी थुंकायला बंदी केली आणि पाहता पाहता अमेरिकाभर तसे नियम झाले. त्यामागे गेओर्ग कॉर्नेट यांचा सिद्धांत होता: बेडका वाळतो, त्याची धूळ उडते, ती श्वासात जाते. ब्रेस्लाउचे कार्ल फ्ल्यूगे यांनी शतक संपायच्या आतच दाखवले होते की खोकताना उडणारे बारीक तुषार अधिक घातक. पुढे बाल्टिमोरमध्ये क्षय-वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतून खेळवून ते पक्के झाले. म्हणजे रस्त्यावर वाळणाऱ्या बेडक्यापेक्षा बंद खोलीत शेजारी बसून खोकणारा भाऊ घातक होता. पण रस्त्यावर दंड करता येतो, खोलीत करता येत नाही. आपल्या रेल्वे स्थानकांवरच्या ‘येथे थुंकू नये’ या पाट्यांत त्याच मोहिमेचा वंश दिसतो. पाट्या राहोत, स्वच्छतेला त्या बऱ्याच आहेत.

सर्वांत जास्त पैसा गेला तो आरोग्यधामांवर. उंच जागा, देवदार किंवा सुरूची झाडे, रांगेने मांडलेल्या आरामखुर्च्या, ठरल्या वेळी दूध आणि वजन. आपल्याकडेही ही कल्पना लवकर पोचली. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी ‘बेल-एअर’ सुरू केले, मिरजेजवळ मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाचे आरोग्यधाम उभे राहिले आणि त्या जागेचे नावच वानलेसवाडी झाले. आरोग्यधामाने माणूस बरा होई का? काही होत, पण कोणाला प्रवेश द्यायचा ते आरोग्यधाम ठरवत असे, आणि बहुधा दुखणे नुकते लागलेले, सुधारण्याची आशा असलेले रुग्णच निवडले जात. अशा रुग्णांतले काही घरीही सुधारलेच असते. इकडे थुंकीतून ढिगाने जंतू टाकणारा, हाडे निघालेला माणूस ‘आता उपयोग नाही’ म्हणून घरी परत पाठवला जाई, पोराबाळांच्या त्याच खोलीत. रोगाचा प्रसार थांबवायचा तर निवड अगदी उलटी हवी होती. न्यूजहोम यांनी हे १९०८ मध्येच ओळखले होते आणि अलीकडच्या काळात वैद्यकाचे इतिहासकार लेनर्ड विल्सन यांनी तोच धागा पकडून मॅककिओन यांना उत्तर दिले: अखेरच्या अवस्थेतले रुग्ण घराबाहेर गेले म्हणून नव्या पिढीला लागण कमी झाली. त्यावर मद्रासचा दाखला दिला जातो. तिथे १९५६ पासून रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात आणि एकाला झोपडवस्तीतल्या घरी तीच औषधे दिली गेली, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात क्षय जास्त झाला नाही. मग वेगळे ठेवून काय साधले? पण मद्रासच्या रुग्णांच्या पोटात औषध होते, आणि त्याने थुंकीतले जंतू लवकरच आटतात. औषधाशिवायचा रुग्ण वर्षानुवर्षे जंतू टाकत राहतो. मद्रासचा निष्कर्ष मागे नेऊन १९१० ला चिकटवता येत नाही. त्यातला एक भाग मात्र तिथेही लागू पडतो: निदान होईपर्यंत घरच्यांना बहुधा लागण होऊन गेलेली असते. म्हणून उशिरा घराबाहेर काढलेल्या रुग्णाने काही लागणी वाचवल्या, सगळ्या नाही. लवकर शोधण्याला पर्याय नव्हता, आणि लवकर शोध वहीशिवाय लागत नव्हता.

लवकर शोधल्याने किती फरक पडतो हे मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात मुद्दाम करून पाहण्यात आले. हृदयविकाराच्या अभ्यासामुळे हे गाव पुढे जगाला कळले, पण १९१७ ते १९२३ या काळात ते क्षयासाठी प्रसिद्ध होते. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने एक लाख डॉलर दिले, डॉ. डोनाल्ड आर्मस्ट्राँग यांनी काम पाहिले, घरोघरच्या माणसांची तपासणी झाली. गावाचा क्षय-मृत्युदर आधीच्या दशकात लाखाला सुमारे १२१ होता, तो १९२३ मध्ये ३८ वर आला: ६८ टक्के घट. तुलनेसाठी धरलेल्या गावांत घट ३२ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणून जरा गावच्या पातळीवर उतरून मोजावे. फ्रेमिंगहॅमची वस्ती तेव्हा सोळा-सतरा हजार. लाखाला १२१ म्हणजे वर्षाला वीसेक मृत्यू, लाखाला ३८ म्हणजे सहा-सात. सारा विजय वर्षाला तेरा-चौदा माणसांचा, आणि मधल्या काळात १९१८ चा इन्फ्लुएंझा येऊन कितीतरी क्षयी माणसे आधीच उचलून घेऊन गेलेला. एवढ्या लहान संख्येत दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले की टक्केवारी कोलमडते. म्हणून फ्रेमिंगहॅमने मृत्युदराबद्दल काही सिद्ध केले असे मी मानत नाही. त्याने वेगळीच गोष्ट दाखवली. एका मृत्यूमागे गावात नऊ-दहा जिवंत रुग्ण असतात, आणि न शोधल्यास त्यांतले बहुतेक कोणालाच माहीत नसतात. पुढच्या सगळ्या क्षयमोहिमांना हा गुणाकार पुरला.

एका गावाने भागत नाही म्हणून अलीकडे काही अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या दप्तरांतून शेकडो शहरांचे आकडे काढले. अमेरिकेतल्या १९०० ते १९१७ च्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष मॅककिओनवाद्यांना सुखावणारा आहे. नोंदणीच्या सक्तीने फुप्फुसाच्या क्षयाचे मृत्यू सुमारे ६ टक्क्यांनी घटले, राज्याच्या आरोग्यधामाने ४ टक्क्यांच्या आसपास, आणि थुंकीबंदीसारख्या बाकीच्या उपायांचा परिणाम शोधूनही दिसला नाही. डेन्मार्कमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरोशहरी जे क्षय दवाखाने उघडले त्यांनी त्या त्या शहरातले क्षय-मृत्यू सरासरी १६ टक्क्यांनी घटवले, आणि दुसऱ्या रोगांच्या मृत्यूंत तसा फरक पडला नाही. म्हणजे हा निव्वळ सुबत्तेचा परिणाम नव्हता. अमेरिकेतली सक्ती बऱ्याच ठिकाणी कागदावर होती. कायदा झाला, अर्ज छापले, घरी कोणी गेले नाही. डॅनिश दवाखान्यातली नर्स घरी जात होती, वेगळे अंथरूण, थुंकीचे भांडे, दुधाची सोय पाहत होती. ६ आणि १६ यांतले अंतर मला तरी या जाण्या-न जाण्याचे वाटते. अर्थात दोन देश, दोन पद्धती, दोन हिशेब. हा माझा अर्थ आहे, अभ्यासकांचा नव्हे.

दुधाच्या बाबतीत मात्र वादाला फारशी जागाच नाही, आणि तरीही क्षयाच्या इतिहासात त्याला कोपऱ्यात बसवलेले असते. गाईंना होणारा क्षय दुधातून मुलांच्या पोटात, मानेच्या गाठींत, मणक्यांत जातो. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत खुद्द कॉख म्हणाले की गाईंच्या क्षयाची माणसाला फारशी भीती नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने दहा वर्षे खपून त्यांना चूक ठरवले. शिकागोने १९०८ मध्ये तपासलेल्या गुरांखेरीज बाकीचे दूध पाश्चरीकरण करूनच विकायची अट घातली. टोरांटोने १९१५ पासून पाश्चरीकरण सक्तीचे केले आणि पुढे तिथल्या बालरुग्णालयात तपासले तेव्हा गोवंशीय जंतू सापडले ते बाहेरगावी कच्च्या दुधावर वाढलेल्या मुलांत. शहराच्या दुधावर वाढलेली मुले त्यातून सुटली होती. यापेक्षा स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचित हाती लागतो. ब्रिटनमध्ये मात्र गवळ्यांचा दबाव आणि ‘ताज्या’ कच्च्या दुधाचे भक्त यांनी देशव्यापी कायदा १९४९ पर्यंत अडवला, आणि १९३० च्या दशकातही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे या टाळता येण्याजोग्या क्षयाने मरत राहिली. आपल्याकडे हे पान जवळजवळ कोरेच आहे, कारण दूध तापवल्याखेरीज ओट्यावरून हलवायचे नाही हा इथल्या घराघरातला नियम. उतू गेलेल्या दुधावरून ऐकलेल्या बोलण्यांच्या बदल्यात किती माना वाचल्या याचा हिशेब कोणी केलेला नाही.

आता भाकरीकडे. मॅककिओन यांचा पुरावा खरे तर अप्रत्यक्ष होता. त्यांनी बाकीची कारणे एकेक करून वगळली आणि उरलेल्या जागी अन्न बसवले. पण प्रत्यक्ष पुरावेही आहेत, आणि ते भक्कम आहेत. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता, पण आपले मांस आणि लोणी परदेशी विकत होता. देशात अन्न महागले, क्षयाचे मृत्यू वाढले. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी निर्यात अडवली, माल घरातच राहिला, आणि युद्ध चालू असतानाच मृत्यू उतरले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या एका छावणीत ब्रिटिश आणि रशियन कैदी एकाच तारेआड होते. ब्रिटिशांना रेडक्रॉसची पाकिटे मिळत, रशियनांना नाही. सुटकेनंतर छातीचे एक्स-रे काढले तेव्हा ब्रिटिशांत क्षय सव्वा टक्क्याच्या घरात निघाला, रशियनांत पंधरा टक्क्यांच्या वर. पाणबुड्यांनी दवाखाने उघडले नव्हते आणि पाकिटातून नर्स आली नव्हती, तेव्हा अन्न स्वतःच्या बळावर काम करते हे मान्य करावेच लागते. मात्र यावरून ‘म्हणजे नगरपालिकांनी काही केले नाही’ असा निष्कर्ष काढणारा एक पायरी गाळतो. सुबत्ता आपोआप सगळ्यांच्या ताटात उतरत नाही. क्षय ज्या घरात शिरतो त्या घरातला कमावता माणूस आधी खाली बसतो, आणि शहरात धान्य स्वस्त असतानाही त्या घराचे ताट रिकामे होते. त्या घरापर्यंत अन्न न्यायचे तर ते घर कुठले हे कोणीतरी टिपलेले असावे लागते.

केंब्रिजजवळच्या पॅपवर्थने ही गोष्ट टोकाला नेऊन दाखवली. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी १९१६ मध्ये सुरू केलेली आणि १९१८ मध्ये पॅपवर्थला हलवलेली ही रुग्णांची वसाहत. माणसाला झेपेल तेवढे काम, कामाची मजुरी, राहायला खिडक्यांचे घर, आणि बायकामुले सोबत. बाप क्षयी, थुंकीत जंतू, आणि तरी तिथे जन्मलेली, वाढलेली मुले क्षयाने आजारी पडली नाहीत, असे वसाहतीच्या डॉक्टरांनी अनेक वर्षांच्या नोंदींवरून सांगितले. रुग्णांची निवड करून भरलेल्या गावाचा हा दाखला आहे हे ध्यानात ठेवूनही तो मोलाचा आहे. खर्च इतका की त्याची नक्कल फार थोड्या ठिकाणी झाली. सरकारला हा धडा युद्धाच्या धामधुमीत कळला. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये फिरत्या एक्स-रे गाड्या सुरू करायच्या ठरल्या तेव्हा अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की डाग सापडला तर पगार बंद होणार हे ठाऊक असलेला कामगार यंत्रासमोर उभाच राहणार नाही. म्हणून ‘२६६/टी’ या परिपत्रकाने उपचार घेणाऱ्याच्या कुटुंबाला भत्ता सुरू झाला. एडिंबरोच्या तीन खोल्यांनंतर छप्पन्न वर्षांनी कुणीतरी नाव आणि पैसा एकाच कागदावर लिहिले. तेही अर्धेच: भत्ता होता तो बरे होऊन कामावर परतण्याची आशा असलेल्यांना. जुनाट, न सुधारणारे, म्हणजेच सर्वांत जास्त जंतू पसरवणारे रुग्ण त्यातून वगळले. आरोग्यधामांनी जी चूक खाटांच्या वाटपात केली तीच खजिन्याने पैशांच्या वाटपात केली.

भारतात औषध पोचले तेव्हा यातले काहीच उभे नव्हते. देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अंदाज दिला: पंचवीस लाख रुग्ण, वर्षाला पाच लाख मृत्यू, आणि साऱ्या देशात क्षयासाठी खाटा सुमारे सहा हजार. पाचगणी आणि वानलेसवाडी यांचे नाव कितीही झाले तरी चारशेहून अधिक रुग्णांमागे एक खाट, असा हा हिशेब पडतो. दवाखान्यांचे जाळे त्याहून विरळ. मद्रासच्या प्रयोगाने खाटांचा प्रश्न निकालात काढला, पण त्या प्रयोगाच्या यशाचे श्रेय सगळे गोळ्यांना दिले जाते हे बरोबर नाही. तिथे न सांगता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजणारी माणसे होती, लघवी तपासून गोळी खरेच घेतली का हे पाहणारी प्रयोगशाळा होती. फिलिपच्या नर्सची ती मद्रासी नात. देशभर गेल्या त्या गोळ्या. जिने चढणारी नात फारशी कुठे गेली नाही. खासगी डॉक्टरांनी क्षयरुग्ण कळवलाच पाहिजे हा आदेश आपल्याकडे निघाला २०१२ मध्ये, न्यूयॉर्कनंतर ११५ वर्षांनी, आणि आहारासाठी महिना पाचशे रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होऊ लागले २०१८ पासून. मधली सहा वर्षे वही होती, शिधा नव्हता.

आणि २०२३ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. २,८०० रुग्ण, त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसे. औषधे सगळ्यांनाच होती. अर्ध्या घरांत रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिधा दिला गेला: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ. त्या घरांत नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. शिधा कोणत्या दारी उतरवायचा हे ठरले होते क्षय कार्यक्रमाच्या नोंदवहीतल्या पत्त्यांवरून.